जे-उनच्या थडग्यावर काय ओतावं

मी, मा सुन-रे, वय पंचाहत्तर, राहणार गोकसोंग, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. लिहिताना पूर्ण शुद्धीत आहे. आमच्या घराण्यात हे वाक्य खरेपणाने लिहू शकणारी माणसं मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील.

कलम १. राहतं घर सून हा-र्योंग हिला. माझा मुलगा जे-उन याच्याशी तिने पंधरा वर्षं संसार केला आणि या घरातली प्रत्येक काच एकदा तरी नव्याने बसवून घेतली. तिने दुसरं लग्न केलं तरी घर तिचंच. कोणी नाक मुरडू नये.

कलम २. तांदळाची दारू मुरवायचे अकरा रांजण विकू नयेत, कोबीच्या लोणच्याला वापरावेत. खमिराच्या वड्या मी चुलीत घातल्या आहेत, शोधू नयेत. आमच्या दारूचं पंचक्रोशीत नाव होतं. त्याच दारूने माझे यजमान यकृत सडून गेले, तेव्हा लोक म्हणाले, माणूस दिलदार होता.

कलम ३. धाकटे दीर दोंग-सिक यांना काहीही नाही. जे-उन एकोणीस वर्षांचा, म्हणजे कायद्याने प्यायच्या वयाचा झाला, तेव्हा त्याला प्यायचं नव्हतं. दीर म्हणाले, "वहिनी, वडीलधाऱ्यांसमोर शिकलेला पोरगा पिऊन बिघडत नाही. बाहेर शिकला तर हातचा जाईल." आमच्याकडे असंच मानतात, मलाही ते शहाणपणाचं वाटलं. पेला मी भरला. त्याने दोन्ही हातांनी घेतला, रीतीप्रमाणे तोंड वळवून प्यायला आणि तोंड वेडंवाकडं केलं. सगळे हसले. मीही हसले, म्हणून दिरांवर खापर फोडून मी सुटत नाही.

पुढे कंपनीत साहेबाचा पेला नाकारायचा नाही, घरी काकाचा नाकारायचा नाही. नाही म्हणायला आम्ही त्याला जागाच ठेवली नाही. बेचाळिसाव्या वर्षी गेला.

कलम ४. दारू गाळायची जागा नात यन-सु हिला. येत्या नव्या वर्षी ती एकोणीसची होईल. दीर आत्तापासून सांगत फिरतात, "पोरीला पहिला पेला मीच देणार." तिने प्यावं की नाही हे तिचं तिने ठरवावं. तिच्या हातात पेला ठेवायचा हक्क या घरात कोणालाही नाही. पोरी, "नको आजोबा" म्हण आणि पेला पालथा घाल. उद्धट म्हणतील, म्हणू देत. तुझा बाप फार नम्र होता.

कलम ५. शेवटी जे-उनच्या पोटात पाणी झालं होतं. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. "आई, एक घोट गार पाणी दे," म्हणाला. मी दिलं नाही, ओला बोळा ओठांवरून फिरवला. तेव्हापासून सहा वर्षं दर सणाला आम्ही त्याच्या थडग्यावर तीन-तीन पेले दारू ओततो आहोत. ओतणारी मीच. मेल्यावरही मी त्याला पाजतच राहिले.

ते आता बंद. जे-उनला विहिरीचं गार पाणी घालावं. पेल्याने मोजून नको, कळशीने. माझ्यावर काहीही ओतू नये.

मा सुन-रे (सही व शिक्का)
गोकसोंग, १७ नोव्हेंबर २०२३

साक्षीदार:
१. नो मल-जा, शेजारीण.
२. प्यो दोंग-सिक, दीर. सकाळी आठला बोलावून सही घेतली, तोंडाचा वास मी स्वतः पाहिला. कलम तीन त्यांनी दोनदा वाचलं.