गालातली गोळी

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. फोनवर तू मला दोन वाक्यांत हसवतेस आणि मूळ गोष्ट राहूनच जाते, म्हणून लिहायला बसले.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या एका विषाणूवर काम चाललंय. तो राहतो जंतात, आणि तो जंत राहतो माणसाच्या कातडीखाली. पाहुण्याने सोबत आणलेला पाहुणा. ज्यांना असा जंत झाला, त्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धही अँटीबॉडी तयार होतात का, ते आम्ही तपासतो. तुलनेला एक निरोगी रक्त लागतं. मोठ्या मॅडम म्हणाल्या, तुझंच घे की, तुला कधी साधी शिंक आलेली पाहिली नाही. घेतलं. अँटीबॉडी जितक्या जास्त, तितका चाचणीत रंग गडद. आणि ताई, सगळ्यांत गडद रंग माझ्याच रक्ताला आला. शेजारचा तंत्रज्ञ म्हणाला, नळ्या बदलल्या असशील, वेंधळी कुठली! मी तीनदा पुन्हा करून पाहिलं. जंत केव्हाच मेला असेल, त्याच्यातला विषाणूही. रक्त मात्र त्याला अजून ओळखतं.

तेव्हापासून मला बाबांचं खाजवणं ऐकू येतं. बंधाऱ्यावरची त्यांची नोकरी, हा जंत अंगात सोडणाऱ्या नदीकाठच्या त्या चावऱ्या काळ्या माश्या, बाबांच्या कमरेवरची ती जंतांची गोटी. आपण ती कातडीखाली सरकवत बसायचो आणि बाबा म्हणायचे, हळू गं, एकच आहे माझ्याकडे. नर्सबाई पहिल्यांदा घरोघर जंताच्या गोळ्या घेऊन आल्या तेव्हा बाबा नको म्हणत होते. तूच लाडीगोडी लावून त्यांना ती भरवलीस. मग तीन दिवस ताप, सुजलेलं अंग. दाराच्या चौकटीला पाठ घासत ते उभे असायचे. पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी त्यांनी विचारलं, पडदा कुणी ओढला? आपल्या खिडकीला पडदा नव्हताच.

तू अकराची, मी आठची. गोळीनेच केलं, तू म्हणालीस, आणि ती कधीच गिळायची नाही अशी आपण शपथ घेतली. नर्सबाई म्हणायच्या, आ कर. मी गालात गोळी दडवून आ करायचे. त्यावरूनच तू मला खारू म्हणायला लागलीस. मग दोघी मिळून त्या गोळ्या मागच्या कुंडीत पुरायचो.

गोळीने नव्हतं केलं, ताई. जंत आधीच डोळ्यांपर्यंत पोचले होते. ते मरतात तेव्हा त्यांच्या आतलं सगळं बाहेर सांडतं आणि शरीर त्यावर तुटून पडतं. सूज त्या लढाईची. आमच्या विषाणूचा त्यात वाटा किती, ते आम्हालाही अजून ठाऊक नाही. पण बाबांना गोळी उशिरा मिळाली, एवढं नक्की. तू काही केलं नाहीस.

हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. त्याच वर्षी मी गोळी घेतली. सोळा वर्षांपूर्वी. तू अजून नदीकाठी राहतेस आणि दरवर्षी फोनवर विचारतेस, काय खारू, पुरलीस का? आणि मी हसून हो म्हणते. शपथ मोडल्याची लाज वाटत होती. म्हणून तुझ्या छातीवरचा धोंडा मी सोळा वर्षं तसाच राहू दिला.

पुढेही राहिला असता. पण सुट्टीत तुझी लेक इथे आली होती ना, तिला न्हाऊ घालताना साबणाचा हात कमरेवर अडखळला. गोटी. गुदगुल्या होतात मावशी, म्हणून ती खिदळली, आणि मी तिच्या अंगावर पाणी ओतत राहिले. जायच्या दिवशी तिने लिमलेटची गोळी तोंडात टाकली, आ केला, म्हणाली, शोध बघू. काही दिसेना. आईने शिकवलंय, ती म्हणाली. रविवारी मी येतेय. नर्सबाईंना कळवलंय, त्या आधी तुम्हा दोघींना तपासतील आणि गोळीनंतर ताप-सुजेवर लक्ष ठेवायला तिथेच बसून राहतील. तुला बोलायचं ते बोल, चोर म्हण. पण गोळी तिघी एकदम घेऊ. आधी मी. मी आ करेन, तू गालात बोट घालून बघ.

शपथ मोडलेली, तरी तुझीच,
खारू