नाल्यात धुतलेली लोकर

चिखली, शनिवार, फाल्गुन १९६२

जिंकलो! लोकरीत माती ठेवून वजन वाढवणे हा धंदा नव्हे, दरोडा आहे. म्हणून यंदा कातरण्याआधी मेंढ्या नाल्यात धुतल्या. बाजारात थोरले दादा चिडवत होते, "काऊन बे, वजन नाल्यात सोडलं, आता भाषण तोलून देशीन का?" दुपारपर्यंत गिऱ्हाईक नाही. सभा गाजवणारा मी लोकरीचे गाठोडे पुन्हा पुन्हा सोडून बांधत बसलो. हट्ट चुकला का?

मग घोंगड्या विणणारी एक म्हातारी आली. तिने मूठभर लोकर झटकली. माती पडलीच नाही. "सारी मले दे. भाव जास्त घे," ती म्हणाली.

परतताना दादा म्हणाले, "पुढच्या खेपेले माह्याबी मेंढ्या धू. पण भाषण नको देऊ बे, बुजतात."