निळ्या शेवरलेची किल्ली

मी, एल्डन जोसेफ कुचेरा, वय एक्याऐंशी, राहणार हार्लो क्रीक, नेब्रास्का, धंदा पवनचक्क्या दुरुस्त करण्याचा (आता बंद), असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी काही प्यायलेलो नाही आणि माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. डोळे मात्र गेले आहेत. समोरच्याच्या तोंडाच्या जागी मला एक करडा डाग दिसतो, कडेकडेचं तेवढं कळतं. म्हणून मी बोलतो आहे आणि वकिलांच्या कचेरीतली बर्नडीन लिहून घेते आहे. बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, असं तिला बजावलं आहे. ती म्हणाली, "शिव्यासुद्धा?" हो, शिव्यासुद्धा. याआधी मी केलेलं कुठलंही मृत्युपत्र रद्द समजावं. खरं तर एकही केलेलं नाही.

कलम १. घर आणि मागची जागा मुलगा क्रेग याला. तो ओमाहाला असतो, वर्षातून दोनदा येतो आणि दोन्ही वेळा छताकडे बघून मान हलवतो. तो घर विकणार, हे मला ठाऊक आहे. विकू दे. विकण्याआधी त्याच्या आईचं, माझ्या लिओटाचं, कोलाचे, म्हणजे आमचे फळं घातलेले गोड पाव, भाजायचं मोठं ताट तेवढं त्याच्या बहिणीला, ट्वायलाला, द्यावं. लिओटा गेल्यापासून ते मी कोणाला उसनंसुद्धा दिलेलं नाही. बँकेत जे निघेल ते दोघांनी निम्मं निम्मं घ्यावं आणि त्यावरून भांडू नये, तेवढं ते नाहीच.

कलम २. कप्पी, दोर, मोठे पाने ही पवनचक्कीची सगळी हत्यारं रमोन अरेयानोला. या भागातल्या चक्क्या आता तोच बघतो. रमोन, कमरेला दोर बांधल्याशिवाय वर चढायचं नाही. मी एकदा चढलो, त्याचं काय झालं ते पुढे येतंच आहे.

कलम ३. १९५४ सालची माझी निळी शेवरले पिकअप मुलगी ट्वायला हिला. गावात गाड्यांचं वर्कशॉप आहे ते तिचंच. या गाडीत आता मूळचं राहिलंय ते म्हणजे पत्रा, निळा रंग आणि मी. बाकी सगळं ट्वायलाने बदललं, आणि ते काही हौसेपायी नाही. चक्कीवरून पडून माझा खांदा निखळला, जुनं स्टिअरिंग वळवता येईना, तेव्हा तिने पॉवर स्टिअरिंग बसवलं. डावा गुडघा गेला, क्लच दाबवेना, तर बाईने क्लचच काढून टाकला आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घातला. पायातलं बळ कमी झालं तेव्हा डिस्क ब्रेक आले. मान वळेनाशी झाली तेव्हा मागे कॅमेरा लागला. माझं काहीतरी निकामी व्हायचं की पोरगी रविवारी वर्कशॉप उघडून गाडीखाली शिरायची. "एवढं बसवलं ना बाबा, की आणखी दहा वर्षं चालवाल." मी तिला कधी नको म्हटलं नाही. कसं म्हणणार? नको म्हटलं की गाडी सुटलीच.

मग डोळ्यांची पाळी आली. मी तिला इतकंच सांगितलं की संध्याकाळी जरा अंधुक वाटतं. तिने पुढचे दिवे बदलले, पांढरेशुभ्र. भिंतीवर उजेड पाडून विचारलं, "आता दिसतंय ना?" मी म्हणालो, "लख्ख." दुसरं काय म्हणणार होतो? ती हात पुसत हसत होती. आवाजावरून कळत होतं.

आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ओळख असो वा नसो. नाही उचललं तर लोक विचारतात, एल्डनचं काय बिनसलंय? कोण येतंय ते दिसेनासं झालं, तेव्हा मी ठरवलं की कोणाला वाईट वाटायला नको, समोर काहीही आलं तरी बोट उचलायचं. वर्षभर खपून गेलं. उलट म्हातारा हल्ली फार प्रेमळ झालाय म्हणून गावात माझं नाव झालं.

ऑगस्टमध्ये ट्वायला शेजारी बसली होती. मी बोट उचललं.

"कोणाला हात केलात, बाबा?"

"लुमिर असेल."

"ती गवताची गंजी होती."

"बरं."

"त्याआधी टपालपेटी होती. मला वाटलं, माझी मस्करी करताय. पण मघाशी शाळेची बस उभी होती ना, तिच्याजवळून तुम्ही तसेच निघालात. लाल दिवे लागले होते, थांबायचं होतं, बाबा. पोरं उतरत होती."

मी गाडी कडेला घेतली. कड मला अजून दिसते. ती म्हणाली, "डोळ्यांसाठी माझ्याकडे काही नाही हो, बाबा. काहीच नाही." आणि माझी पन्नाशीची धडधाकट पोरगी हुंदके देऊन रडली. तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो तो आधी सीटवर पडला.

किल्ली तिने मागितली नाही, मीही दिली नाही. तेव्हापासून किल्ली माझ्या खिशात आणि गाडी शेडमध्ये आहे. मी रोज सकाळी जाऊन बसतो, इंजिन चालू करतो, ऐकतो, बंद करतो. दोनदा फाटकापर्यंत नेली. एकदा फाटकाच्या पुढेही नेली, हे ट्वायलाला आत्ता इथे कळेल.

कलम ४. या गाडीतून काढलेले सगळे जुने भाग भाऊ डेलमार याला: स्टिअरिंग, क्लच, गिअरचा दांडा, पिवळे दिवे, जे जे शेडच्या फळीवर असेल ते. ट्वायलाने गिअरबॉक्स बदलला त्या दिवशी डेलमार भर रस्त्यात म्हणाला, "ही आता शेवरले राहिली नाही, शिवणयंत्र झालं." त्यानंतर तो या गाडीत बसलेला नाही. तुला अस्सल पाहिजे ना, डेलमार? घे अस्सल. तुझ्या कंबरेत डॉक्टरांनी धातूचा सांधा घातला, तेव्हा मी गावभर काही बोललो नव्हतो, हेही इथे नोंदवून ठेवतो.

इथवर झाल्यावर बर्नडीनने सगळं मला वाचून दाखवलं. कलम तीनपाशी थांबली.

"गाडी ट्वायलाला. पण तू गेल्यावर ना?"

"अगं, मृत्युपत्रच आहे हे."

"आणि तोवर किल्ली तुझ्या खिशात?"

"माझी गाडी आहे."

"एल्डन, माझी नात त्याच बसने येते."

तिचं तोंड मला दिसत नव्हतं, हे तिचं नशीब की माझं, कोण जाणे.

ट्वायला बाहेर थांबली होती, तिला आत बोलावलं. किल्ली काढायला मला वेळ लागला. ती म्हणाली, "बाबा, अशी काही घाई नाहीये."

"आहे," मी म्हणालो आणि किल्ली तिच्या हातात ठेवून तिची मूठ मिटली. मला फार वाईट वाटतं आहे, तेही लिही, बर्नडीन.

सबब कलम ३ रद्द. जे जिवंतपणी देऊन टाकलं ते मेल्यावर देता येत नाही, असं वकील म्हणतात. खोडायचं, पण वाचता येईल असं.

कलम ५. माझ्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाला हॅम आणि लिओटाच्या पद्धतीचे जर्दाळूचे कोलाचे ठेवावेत. मला काळ्या गाडीतून नेऊ नये. पेटी शेवरलेच्या हौद्यात ठेवावी आणि गाडी ट्वायलाने चालवावी. दिवसाउजेडीसुद्धा ते पांढरे दिवे लावावेत, तिने इतक्या आशेने बसवले आहेत. अंत्ययात्रा दिसली की आमच्याकडे समोरच्या गाड्या कडेला थांबतात. थांबेल त्या प्रत्येकाला ट्वायलाने माझ्या वतीने स्टिअरिंगवरचं बोट उचलावं. एकालाही चुकवू नये. गवताची गंजी आली तर तिलाही. कोणकोण थांबलं ते मला कळणार नाही, पण ते तर आताही कळत नाही.

या सगळ्याची अंमलबजावणी ट्वायलाने करावी. सहीची रेघ मला दिसत नाही. बर्नडीनने माझं बोट रेघेवर धरलं आहे, तिथून पुढे सही करतो.

(सही) एल्डन जो. कुचेरा

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. बर्नडीन शाफ, कचेरीतली लेखनिक
२. ऑर्विल टीसडेल, शेजारचा न्हावी

हार्लो क्रीक, नेब्रास्का
१७ ऑक्टोबर २०२३