नावापुढे कागदी रुमाल

एल्व्हस्टाड, मिनेसोटा
१४ नोव्हेंबर

प्रिय लव्होन,

थोरल्या जावेचे तुला आशीर्वाद आणि डेल्मर भावजींना नमस्कार. आम्ही दोघं इकडे बरे आहोत. ‘इकडे’ म्हणजे तुझ्या घरापासून चार घरं सोडून, हे तुला ठाऊक आहे. पण गेल्या सहा आठवड्यांत तू फोन उचलला नाहीस आणि मी दिसले की तुला फुटपाथ बदलायची आठवण होते, म्हणून हे पत्र तिकीट लावून पोस्टात टाकते आहे. ते आधी साठ मैल लांबच्या शहरात जाईल, तिथे शिक्का खाईल आणि परत आपल्याच गल्लीत येईल. असो. भावजींची तब्येत कशी आहे? आठवड्यातून तीनदा त्या डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यायचं म्हणजे माणूस थकणारच. परवा ते गाडीतून उतरताना दिसले, मी हात केला, त्यांनीही केला. (त्यांना रागावू नकोस, त्यांचा हात सवयीने वर गेला असेल.) ऑर्विल मजेत आहे. त्याने गॅरेजचं दार दुरुस्त केलं, तेव्हापासून ते उघडत नाही. माझ्या डाव्या गुडघ्याचं विचारशील, तर तो दोनदा बदलून झालाय आणि आता वीस मिनिटांपेक्षा जास्त उभं राहिलं की खालचा पाय आपला नाहीच असा वागतो.

पत्राला कारण आहे, पण ते मागून येईल. आधी हे सांगते की माझ्या वकीलबाईंनी, मिस पेट्राको त्यांचं नाव, मला घडलेलं सगळं क्रमाने, तारखांसह आणि आडवळणं न घेता लिहून आणायला सांगितलं. मी चौदा पानं लिहून नेली. त्यांनी ती वाचली आणि फार अदबीने विचारलं, की यातली नऊ पानं माझ्या नवऱ्याच्या १९९८ सालच्या बर्फातल्या अपघाताबद्दल का आहेत. (कारण तिथूनच मी हॉकन्सन बियाण्यांच्या दुकानात लागले, हे त्यांना कळलं नाही. त्या न्यू जर्सीच्या आहेत.) तेव्हा आता मी तुझ्यावर सराव करणार आहे. निम्मं तुला माहीत आहे, पण तू वरच्या मजल्यावर ऑफिसात दार लावून बसतेस, आणि दारातून जे ऐकू येतं ते नेहमी मालकाच्या बाजूचंच असतं.

तर क्रमाने. सव्वीस वर्षं मी खालच्या काउंटरवर बियाणं तोलते. पहिल्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या हॉकन्सनांनी स्वतःचं उंच स्टूल मला आणून दिलं आणि त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत, मीही बोलले नाही, आणि सगळं सुरळीत चाललं. मग ते गेले आणि कारभार जावयाकडे, ग्रॅडी स्ट्रोबेलकडे आला. जानेवारीत एका सकाळी स्टूल जागेवर नव्हतं. स्ट्रोबेल म्हणाले, बसलेला माणूस गिऱ्हाइकाला दमलेला वाटतो आणि दमलेल्या माणसाकडून कोणी बियाणं घेत नाही. (आपली गिऱ्हाइकं म्हणजे सत्तरीचे शेतकरी. त्यांतले निम्मे स्टुलाकडे हेव्याने बघायचे.) मी गुडघ्याचं सांगितलं, तर त्यांनी मला अकरा पानांचा फॉर्म दिला. त्यात एक प्रश्न होता, की ही अवस्था किती काळ टिकेल असा अंदाज आहे. डॉक्टरांनी लिहिलं, ‘गुडघा आहे तोवर.’ फॉर्म परत आला, उत्तर मोघम आहे म्हणून.

तोवर हंगाम सुरू झाला. मला उभं राहवेना, म्हणून मी काउंटरमागे वाटाण्याच्या बियांचं पोतं ओढलं आणि त्यावर बसले. आता पोतं ते पोतंच, स्टुलाइतकं उंच कुठून असणार? समोरून माझे फक्त केस दिसायचे. लोक यायचे, दुकानात कोणी नाही असं समजून घंटी वाजवायचे, आणि मी खालून ‘बोला’ म्हटलं की दचकायचे. या प्रकाराची मला लेखी ताकीद मिळाली, विक्रीच्या मालावर बसल्याबद्दल. त्यानंतर स्ट्रोबेलनी माझी अडचण सोडवली असं जाहीर केलं, म्हणजे मला खुर्ची दिली. खुर्ची खरोखर छान होती, हातांची, गादीची. फक्त ती वरच्या मजल्यावर होती, आणि माझं काउंटर खालीच. एकोणीस पायऱ्या. मी त्या मोजल्या, कारण मोजायला भरपूर वेळ मिळाला. वर पोचले तेव्हा तुम्ही सगळ्या डबे उघडत होतात.

इथे मला एक कबुली द्यायची आहे, कारण ती मंगळवारच्या बैठकीत निघणारच आहे. ती लेखी ताकीद हातात पडली तेव्हा मी स्ट्रोबेलना काय म्हटलं, असं वकीलबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं, ‘थँक यू म्हटलं.’ त्या म्हणाल्या, बरं, आणि नंतर? नंतर मी घरी जाऊन त्यांना आभाराचं कार्ड पाठवलं. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. अगं, पण पाठवायला नको? त्यांनी मला वीस मिनिटं ऑफिसात बसवून समजावलं होतं. आपल्या सासूबाईंनी दात काढणाऱ्या डॉक्टरला कार्ड पाठवलं होतं, चुकीचा दात काढल्यावरसुद्धा. कार्डात मी लिहिलं होतं, ‘आपण माझ्यासाठी वेळ काढलात आणि काळजी दाखवलीत याबद्दल मनापासून आभारी आहे,’ आणि खाली एक लहानसं फूल काढलं होतं. ते फूल आता कंपनीच्या कागदपत्रांत सातव्या क्रमांकाचा पुरावा आहे. आठव्या क्रमांकावर, ऑगस्टमध्ये त्यांच्या वाढदिवसाला मी नेलेल्या लिंबाच्या वड्यांचा फोटो आहे. तोवर माझी तक्रार सरकारी आयोगाकडे जाऊन दोन महिने झाले होते. वकीलबाईंनी विचारलं, ज्या माणसाविरुद्ध तुम्ही तक्रार केलीत त्याला वड्या कशाला नेल्यात? मी म्हटलं, त्यांचा वाढदिवस होता.

तक्रार गेल्यावर मला वाटलं होतं, कोणीतरी ओरडेल. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. पण आपल्याकडे कोणी ओरडत नाही, लव्होन. सव्वीस वर्षं माझ्या वार्षिक शेऱ्यात ‘उत्तम’ होतं, या वर्षी ‘संघभावना कमी’ असं आलं. शनिवारची पाळी, जी कधीच माझी नव्हती, ती माझी झाली. सगळे आधीसारखेच गोड हसायचे, हवेबद्दल बोलायचे, फक्त दुपारी जेवायला माझ्या टेबलाशी कोणी बसत नसे. वकीलबाई म्हणतात की कायद्यात याला सूड म्हणतात, आणि स्टूल काढून घेण्यापेक्षा हे सिद्ध करणं कधीकधी सोपं जातं. मला तो शब्द फार मोठा वाटला. माझं वय एकसष्ट, मी बियाणं तोलते, माझ्यावर कोण कशाला सूड उगवेल? ऑक्टोबरपर्यंत मला तसंच वाटत होतं.

ऑक्टोबरात कॅटलॉग छपाईला गेला की पॅकिंगच्या हॉलमध्ये आपली अंगतपंगत असते आणि त्याची यादी आठवडाभर आधी भिंतीवर लागते. सव्वीस वर्षं माझ्या नावापुढे हॉटडिश असते. (खिमा, घेवडा, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे, मोठ्या ट्रेमध्ये भाजलेले. तुला कशाला सांगते आहे? सराव आहे म्हणून.) या वर्षी माझ्या नावापुढे ‘कागदी रुमाल’ लिहिलं होतं. कागदी रुमाल आपल्याकडे कोणाला सांगतात, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही, पण माहीत सगळ्यांना असतं. नवीन लागलेल्या पोरांना, ज्यांना शिजवता येत नाही त्यांना, आणि ज्यांच्या हातचं कोणाला खायचं नसतं त्यांना.

मी हे वकीलबाईंना सांगितलं तेव्हा त्या समजूतदारपणे म्हणाल्या, की हे आपण बाजूला ठेवू, हे किरकोळ आहे. पलीकडच्या टेबलावर त्यांच्या जुन्या कारकून मिसेस टॉलेफ्सरुड टाइप करत होत्या. त्या आपल्या पलीकडच्या तालुक्यातल्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला.

‘रुमाल?’ त्या म्हणाल्या. ‘किती वर्षांनी?’

‘सव्वीस,’ मी म्हटलं.

‘बाईसाहेब,’ त्या वकीलबाईंना म्हणाल्या, ‘हे लिहून घ्या. हे सगळ्यात वर लिहा.’

मी रुमाल नेले. जाड, दुपदरी, कडेला गव्हाच्या ओंब्या छापलेले, दोनशे. मिळतात त्यांतले सगळ्यात चांगले. स्ट्रोबेल हात पुसता पुसता म्हणाले, ‘छान आहेत हो रुमाल, आर्डिथ.’ मी थँक यू म्हटलं. मग गाडीत जाऊन बसले आणि रडले. गुडघ्यासाठी मी कधी रडले नव्हते, पोत्यावरूनही नाही. त्या दिवशी मात्र मला कळलं की लोकांनी मला दुकानातून काढलेलं नाही, मोजणीतून काढलं आहे. आणि मला या वयात दुसरीकडे कुठे जायचं नाही. मला माझं काउंटर हवं आहे आणि त्यामागे बसायला काहीतरी. वकीलबाई म्हणतात एवढंच मागू नका. मला एवढंच मागता येतं.

मंगळवारी दहा वाजता वाचनालयातल्या खोलीत (तळमजल्यावर, मी आधी विचारून घेतलं) दोन्ही बाजू एका मध्यस्थासमोर बसणार आहेत. त्यांच्याकडे फूल आणि वड्या आहेत. माझ्याकडे मी आहे. तिथे काही ठरलं नाही, तर पुढे काय होईल ते वकीलबाईंनाही सांगता येत नाही, आणि तोवर मी शनिवारी उभीच.

झाला सराव. आडवळणं फारशी नव्हती, असं मला वाटतं. भावजींना जपायला सांग, तूही जप. ऑर्विलने नमस्कार सांगितला आहे, गॅरेजच्या आतून.

तुझी,
आर्डिथ

ता. क. यादी दरवर्षी तूच लिहितेस. मी वकीलबाईंना सांगितलं की यादी कोण लिहितं ते मला माहीत नाही. मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं. अंगतपंगतीनंतर भिंतीवरून ती मीच काढली, कारण लोक ती टाकूनच देणार होते, आणि ती घरी आहे. खिडकीशी धरली की दिसतं. ‘कागदी रुमाल’ या शब्दांच्या खाली पेन्सिलीने ‘हॉटडिश’ लिहिलेलं आहे, तुझ्या अक्षरात, दरवर्षीसारखं. मग ते खोडलंय. तुला नीट खोडता कधी आलंच नाही, लव्होन. म्हणजे तू आधी बरोबर लिहिलं होतंस आणि कोणीतरी तुला ते बदलायला सांगितलं. सहा आठवडे मी तुझ्यावर रागावले होते. खिडकीशी धरल्यापासून राग राहिला नाही. मंगळवारी कोणीतरी एवढंच सांगायला हवं, की ते बदलायला कोणी सांगितलं होतं. एक वाक्य.

ता. क. दुसरी. वकीलबाई म्हणतात, जो खरं सांगेल त्यालाही कायदा सांभाळतो, त्याला कोणी हात लावू शकत नाही. पण ऑर्विलने हे पत्र वाचलं आणि तो म्हणाला, भावजींचं यंत्र तुझ्या नोकरीच्या विम्यावर चालतं, कायद्यावर नाही, आणि मी हे तुझ्याकडे मागू नये. त्याचं बरोबर आहे. तरी मी पत्र पुन्हा लिहिलं नाही, कारण बारा पानं झाली आहेत. तू वरचं वाचलं नाहीस असं समज, किंवा वाच, तुझं तू बघ. नाही आलीस तर मी कारण विचारणार नाही. (कार्डही पाठवणार नाही. कार्डांचा मी धडा घेतला आहे.)

ता. क. तिसरी, आणि खरं तर पत्र याचसाठी होतं. थँक्सगिव्हिंगचं जेवण या वर्षी आमच्याकडे आहे आणि यादी मी केली आहे. तुझ्या नावापुढे सासूबाईंची हिरवी जेली आहे, गाजराचा कीस घातलेली. ती आजवर कोणी संपवलेली नाही, पण ती तुझी आहे. मी पेनाने लिहिली आहे. मंगळवारी तू ये, नको येऊस, काही बोल, गप्प बस, ती खोडली जाणार नाही. कागदी रुमाल कोणी आणायचे नाहीत. माझ्याकडे एकशे चाळीस उरले आहेत.