पूजेतली बंदूक

ती. दादांस,
सुरतेहून रतिलालचा नमस्कार.

दुकान बरं चाललंय. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

काल फोनवर तुम्ही कापसाचं सांगत होता, तेवढ्यात मागे बंदुकीचा खटका वाजला आणि तुमची नात रुपा हसली. माझे कान किती तिखट, तुम्हाला ठाऊकच आहे. विचारलं तर म्हणालात, "दसऱ्यानी पूजाले बाबांची बंदूक पुसी ऱ्हायनू. खाली शे रे!"

माझे शेजारी धर्मेंद्रभाईही बंदूक रिकामीच समजत होते. गेल्या दसऱ्याला त्यांच्या मुलाने ती झेंडूच्या माळेसकट उचलली. गोळी सुटली, त्याची धाकटी बहीण काजल गेली. अजून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "खाली हती, खाली हती."

दादा, यंदा विळा पुजा. बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा. बाबा रागावणार नाहीत.

मग रुपाला फोन द्या. मागे खटका नसलेलं तिचं हसणं ऐकायचंय.

तुमचा धाकटा,
रतिलाल