तुझी आत्या अनवाणी नव्हती

प्रिय चिन्मय,

बेळगावातल्या बेळगावात, टिळकवाडीहून शहापूरला पत्र. पोस्टाच्या पेटीलासुद्धा हसू येईल. जरा भरभर चाललं की तुमचं दार येतं, आणि फोन तर माझ्या उशाशीच असतो. पण मी एकोणचाळीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगते, खरं काही बोलायची वेळ आली की माणसं फोनवर हवापाण्याचं बोलतात. म्हणून कागद. तू तुझ्या श्रोत्यांना मोबाईल खिशात ठेवायला लावतोस ना, तसा आता तुझाही ठेव आणि शेवटपर्यंत वाच. शेवटी तुला एक काम सांगितलं आहे.

गेल्या महिन्यात निपाणीत तुझं व्याख्यान झालं, 'उठा आणि जिंका' की काय ते. तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आड, करड्या साडीतली जी बाई टाळ्या वाजवत नव्हती, ती मी. एक्स्चेंजमधली माझी जुनी मैत्रीण जयाबाई, तिच्याकडे दोन दिवस राहायला गेले होते. तिच्या भिशीतल्या बायकांना पास मिळाले होते. तुला न सांगता जाऊ, भाचा चकित होईल, अशी तिची कल्पना. चकित कोण झालं ते पुढे येईलच.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दर शुक्रवारी वक्तृत्वाचा तास असे. एकीनं बोलायचं, आणि तिच्या जोडीच्या मुलीनं वहीचा कागद मधोमध उभा दुमडून एका बाजूला गुण, दुसऱ्या बाजूला दोष लिहायचे. सिस्टर अगाथांचे नियम दोनच. चिठ्ठी बोलणारीच्या हातात द्यायची, तिच्या पाठीमागे कुणाला काही सांगायचं नाही. आणि गुणांची बाजू रिकामी असेल तर ती द्यायचीच नाही, शोधत बसायचं. ही खोड मला जन्मभर राहिली. तुझ्या भाषणाला जयाबाईच्या औषधांचं बिल सापडलं, त्याच्या पाठीवर घडी घातली.

दोषांची बाजू तू रंगमंचावर येण्याआधीच सुरू झाली. ढोल वाजले, दिवे लाल झाले आणि तू धावत आलास. व्याख्यानाला धावत का येतात? गाडी तर चुकत नव्हती. मग 'सुप्रभात' म्हणालास, लोकांनी नीट उत्तर दिलं, तरी आवाज आला नाही म्हणून तीनदा म्हणवून घेतलंस. मी आयुष्यभर टेलिफोनचं यंत्र कानाला लावून बसले, आवाज पहिल्यांदाच आला होता. 'मित्रांनो' तू एक्केचाळीस वेळा म्हणालास. सभागृहात निम्म्याहून जास्त बायका होत्या. तोंडाजवळचा तो माईक इतका जवळ होता, की तुझा प्रत्येक श्वास शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. आमच्या एक्स्चेंजमध्ये असा श्वास घेणारीला सुपरवायझर बाई उठवून खिडकीत उभं करीत. आणि शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरून 'तू वाघ आहेस' म्हणायला लावलंस, तेव्हा जयाबाई माझ्या मांडीला चिमटा काढून म्हणाली, तुझा हात गार पडलाय, वाघाला स्वेटर आण.

गुणही होते, नाही असं नाही. तू वाक्य पूर्ण करतोस, हल्ली फार थोडे करतात. कागदाकडे बघत नाहीस. मागे बसलेल्या कानडी शेतकऱ्यांसाठी मध्येच जी चार वाक्यं कानडीतून बोललास, ती साफ आणि आदबीची होती, त्यांचे चेहरे मी वळून पाहिले. पंखे बायकांच्या बाजूला वळवायला सांगितलेस. दिलेल्या वेळेत थांबलास. पाच गुण झाले, चिठ्ठी देण्याजोगी झाली होती. आणि मग तू म्हणालास, 'आता मी तुम्हाला माझ्या आत्याची गोष्ट सांगतो.'

चिन्मय, तुला आत्या एकच आहे, ती मी. ती शाळेत आठ किलोमीटर अनवाणी चालत जायची म्हणे. अरे, शहापूरपासून कॅम्पातल्या शाळेपर्यंत सिटी बस होती आणि मी खिडकीची जागा कुणाला देत नसे. अनवाणी तर सोडच. सिस्टर रोज दारात उभ्या राहून बूट तपासायच्या, आणि माझे काळे बूट तुझे आप्पा, म्हणजे आमचा रघू, पॉलिश करायचे. पाच वर्षांनी लहान, पण ब्रश मारून मारून त्यात तोंड दिसेपर्यंत सोडायचे नाहीत. मला अनवाणी केलंस त्याचं मला काही नाही. रघूची सगळी सकाळची मेहनत तू एका वाक्यात पुसलीस. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला म्हणे. आमच्या आबांचं लुगड्यांचं दुकान होतं, घरात ट्यूबलाइट होती, आणि तिच्याखाली बसून मी अभ्यास सोडून बाकी सगळं वाचत असे.

इथपर्यंत मी हसत होते. मग तू आवाज खाली आणलास आणि म्हणालास, की धाकट्या भावाला इंजिनिअर करायचं म्हणून तिनं आलेलं सोन्यासारखं स्थळ नाकारलं, लग्न केलं नाही, स्वतःचं सगळं सुख जाळलं. लोक डोळे पुसायला लागले. शेजारच्या बाईनं मला रुमाल देऊ केला. आणि तू लगेच फर्मावलंस, की आता प्रत्येकानं शेजारच्याला आपला एक संकल्प सांगा.

माझ्या डाव्या हाताला बोरगावची एक मुलगी होती, रचना. बारावी झालेली, बेळगावला नर्सिंगला नाव लागलेलं. ती नाक ओढत म्हणाली, 'मी बी सरांच्या आत्यावानी करणार. मी न्हाय शिकत. भाऊ शिकू दे.' मग माझा संकल्प विचारला. मी म्हटलं, 'ती आत्या मी आहे, आणि माझा संकल्प या वक्त्याचा कान पिळायचा आहे.' पोरीनं आधी माझ्या पायांकडे बघितलं. पायांत चपला होत्या, आणि चांगल्या होत्या.

तुझ्याभोवती फोटोवाल्यांची रांग लागली होती, म्हणून चिठ्ठी द्यायची राहिली. मी तिला बाहेर नेऊन गरम भजी खायला घातली आणि त्या सोन्यासारख्या स्थळाची गोष्ट सांगितली. ती आजपर्यंत फक्त जयाबाईला ठाऊक होती. आता तुलाही सांगते. खात्याला कळवायचं असलं तर खुशाल कळव, पेन्शन सुरू होऊन दहा वर्षं झाली.

स्थळ धारवाडचं होतं. वकील, उंच, घरदार उत्तम. आमच्या बैठकीत इतकं गोड बोलला, की आईनं त्याच दिवशी लाडवांचा रवा आणला. चार दिवसांनी मी एक्स्चेंजच्या बोर्डावर कॉल जोडत बसले असताना त्याच नावानं धारवाडहून ट्रंक कॉल लागला. कॉल जोडला की तो नीट लागला का हे ऐकायला आम्ही क्षणभर लाइनवर थांबायचो, तेवढी मुभा होती. मी जरा जास्त थांबले. पलीकडे त्याचा म्हातारा कारकून होता, कामासाठी बेळगावात आलेला. कुठलीशी फाइल विसरला होता. त्याच्याशी तो माणूस ज्या आवाजात बोलला, त्या आवाजात कुणी जनावराशीही बोलू नये. म्हातारा प्रत्येक शिवीनंतर 'होय साहेब' म्हणत होता. मी लाइन सोडली आणि मनातून तो माणूसही सोडला.

पण घरी काय सांगणार? दुसऱ्याचं बोलणं ऐकलं हे बाहेर फुटलं असतं तर नोकरी गेली असती. मी नुसतं 'नको' म्हटलं. मुलगी नुसतं नको म्हणते हे त्या काळी आमच्या गल्लीत आईला कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. तेव्हा आबांचं दुकान बसलं होतं आणि रघूला नुकताच इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. आईनंच मग शेजारणींना सांगून टाकलं, रघूच्या शिक्षणापायी पोर थांबली आहे. आणि चिन्मय, मी ते खोडलं नाही. मला ते फार सोयीचं पडलं. पुढच्या चारपाच स्थळांना तेच पुरलं, वर गल्लीत मान मिळाला. माझा पगार घरात येत होता हे खरं, पण घरातल्या माणसाचा पगार घरात येतो, त्याला त्याग म्हणत नाहीत.

आणि जाळलेल्या सुखाचं म्हणशील, तर मला बोर्डावर बसायला जितकं आवडायचं तितकं तुला रंगमंचावर धावायलाही आवडत नसेल. कानात मराठी, कानडी, इंग्रजी, कोकणी, आणि हातात सगळ्या जिल्ह्याच्या दोऱ्या. तंबाखूचा भाव निपाणीच्या व्यापाऱ्यांच्या बायकांआधी मला कळायचा. आम्ही चौघी ऑपरेटर गोव्याला जाऊन साड्यांसकट समुद्रात बसलो होतो. गल्लीत पहिली मोपेड माझी होती, आणि तिच्यावर मागे बसून किंचाळणारा पहिला माणूस तुझे आप्पा. हे तू निपाणीत सांगितलं असतंस तर लोक रडले नसते, पण घरी जाताना मोपेडची किंमत विचारत गेले असते.

रचना भजी खाता खाता इतकी हसली, की तिला ठसका लागला. तरी माझा जीव राहिना. दुसऱ्या दिवशी मी बोरगावला तिच्या घरी गेले. म्हटलं, आईबाप मुलीला थांबवत असतील तर दोन शब्द ऐकवू, चांगली चार वाक्यं तयार करून नेली होती. तिची आई यशोदाबाई अंगणात भुईमूग वाळवत होती. ती मलाच ऐकवायला लागली. तिनं कुठं नको म्हटलं होतं? शिकायची सगळी तयारी झाली होती, ट्रंकसुद्धा घेतली होती, आणि ही सभेतून रडत येऊन सांगते की मी शिकायची नाही. मग हातातलं सूप खाली ठेवून ती म्हणाली, 'आन् तिच्या भावानं काय मग जल्मभर मान खाली घालून बसायचं? त्याला कुणी इचारलं व्हय?'

माझी चारही वाक्यं तिला लागूच नव्हती. तिनं चहा दिला, तो पिऊन निघाले. निपाणीच्या बसमध्ये बसल्यावर पर्समधली तुझी चिठ्ठी काढली आणि गुणांच्या बाजूला सहावा गुण लिहिला. तो मी सभेत ऐकला होता, पण संतापाच्या भरात टिपायचा राहिला होता. आत्याची गोष्ट संपताना तू म्हणाला होतास, 'माझे आप्पा आजही हे सांगताना पुढं बोलू शकत नाहीत.' त्या एका वाक्याला तुझ्या आवाजात कसलीच कसरत नव्हती. श्वास नाही, हात वर नाही, 'मित्रांनो' नाही. आवाजाची पारख हे माझं पोटापाण्याचं काम होतं, तेव्हा सांगते, तासाभरात तेवढं एकच वाक्य तू भाषण म्हणून बोलला नाहीस. मला मात्र ते माहीतच नव्हतं. रघू माझ्यासमोर कधी एक अक्षर बोलला नाही.

आता माझ्या दोषांची बाजू. दर रविवारी मी तुमच्याकडे जेवायला येते, तेव्हा पहिलं ताट माझं, सायीची वाटी माझी, खिडकीजवळची खुर्ची माझी. मी काहीही म्हटलं तरी रघू 'बरं आक्का' म्हणतो. त्यानं साठी ओलांडली, माणूस कधीतरी आपल्या बहिणीशी भांडेल की नाही? मला वाटायचं, आहेच स्वभावानं गरीब. आणि परत निघताना माझ्या चपला दारात पुसून, बाहेर तोंड करून जोडीनं ठेवलेल्या असतात. बूट पॉलिश करायची लहानपणची सवय, म्हणून मी कौतुकानं पाय घालत आले. पंचेचाळीस वर्षं, चिन्मय. मी माझी नोकरी सांभाळायला एक खोटं घरात राहू दिलं, आणि तुझे आप्पा त्या खोट्याखाली वाकून माझ्या चपला सरळ करत राहिले.

रचना परवा होस्टेलवर गेली. फोन करून म्हणाली, आजी, मेसची भाजी लई वाईट हाय, म्हणजे पोर मजेत आहे. तिचं मार्गी लागलं. माझं राहिलं आहे, आणि ते तोंडानं सांगायला गेले तर मी रघूशी हवापाण्याचं बोलेन हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र तुझ्या नावानं लिहिलं, पण ते त्याचं आहे. आज संध्याकाळी आप्पांना समोर बसव आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच. ढोल नको, दिवे नकोत, श्वास नाकानं घे. श्रोता एकच आहे, आणि आवाज आला का हे त्याला तीनदा विचारायचं नाही. वकिलाची गोष्ट सावकाश वाच, म्हणजे त्याला हसायला सवड मिळेल. मग कागदावरून मान वर कर आणि एवढं माझ्या नावानं सांग: रघू, मी तुझ्यासाठी थांबले नव्हते रे. मी मजेत होते. रविवारी येते. या खेपेला माझ्या चपला दारात जशा पडतील तशाच वाकड्या राहू दे, आणि जेवताना एकदा तरी माझ्याशी भांड.

तुझीच, तिसऱ्या रांगेतली,
पूर्णिमाआत्या