किंवा ती नेमेल तो

प्रिय मिस्टर नोवाचेक,

सकाळी फोनवर तुम्ही विचारलंत, ट्यूलिपचे कंद राहू देऊ की काढून अ‍ॅरिझोनाला मुलाकडे नेऊ, आणि मी "राहू द्या" म्हणून मोकळी झाले. त्यावर तुम्ही म्हणालात, "मग पोरी, खारींपासून जप त्यांना. जाळी तळघरात आहे." फोन ठेवल्यापासून माझ्या डोक्याचा भुगा झालाय. शुक्रवारी खरेदीखताच्या सह्या आहेत, आणि ते घर मी घेत नाहीये. निदान आजवर तरी घेत नव्हते. नीट सांगता येईल असं वाटत नाही, तरी पहिल्यापासून सांगून बघते.

तुमच्या गल्लीतून मी अकरा वर्षं शाळेची बस चालवली. गुडघ्यांनी दगा दिला, नोकरी सुटली आणि या वयात मी ट्रेंट नावाच्या एका पोरसवदा माणसाचा क्लास लावला. विषय काय, तर घरांचा घाऊक व्यापार. मला वाटलं, दहा-वीस घरं एकदम घ्यायची असतील. इथे तर एकही घ्यायचं नसतं! घर विकायची घाई असलेला माणूस गाठायचा, त्याच्याशी स्वस्तात साठेखत करायचं आणि खरेदीखताच्या आधी ते साठेखतच एखाद्या रोख पैसेवाल्याला देऊन मधला फरक आपण खिशात घालायचा. मी हात वर करून विचारलं, जे माझं नाही ते मी विकतेय कसं? ट्रेंट म्हणाला, "डार्लीनबाई, तुम्ही घर नाही, कागद विकताय." सगळे हसले म्हणून मीही हसले. कळलं काहीच नाही. मग तो म्हणाला, छपरावर ताडपत्री आणि पायऱ्यांवर पाचोळा दिसेल ते घर धरा. बाकीचे गाड्या घेऊन क्लीव्हलंडभर फिरले. मला फिरावं लागलं नाही, तुमचं घर डोळ्यांसमोर होतंच.

माझ्याआधी आलेल्या दोघांना तुम्ही दारातूनच पिटाळलं होतंत, हे मला नंतर कळलं. मला मात्र कॉफी मिळाली, वर कोलाचे, तुमचे ते खसखस भरलेले गोड पाव. ट्रेंटनं शिकवलं होतं, घर आपलंच होणार असं बोला. मी बोलले, आणि इतक्या उत्साहानं बोलले की पर्समधली टेप काढून स्वयंपाकघराच्या खिडक्या मोजायला लागले. टेपचं दुसरं टोक तुम्ही धरलंत आणि म्हणालात, "बायको गेल्यापासून या खिडकीतून कुणी बाहेर बघितलं नाही. तू राहणार म्हणून देतोय हो. त्या कोटवाल्या टोळभैरवांना मेलो तरी दिलं नसतं." खरं सांगायची वेळ तीच होती, पण मी पर्समधून साठेखत काढलं. साठेखतावर खरेदीदाराच्या जागी छापलंय, "डार्लीन हफ, किंवा ती नेमेल तो". तुम्ही चष्मा आणायला उठत होतात. मी म्हटलं, "बसा हो, नेहमीचाच मजकूर आहे." आणि दहा डॉलर इसार ठेवून बाहेर पडले. त्या क्षणाची मला फार लाज वाटते.

नेमायचा "तो" मिळालाय. त्याची तेवीस घरं आहेत, तुमचं चोविसावं. मधल्या भिंती पाडून दोन भाडेकरू ठेवणार म्हणतो. मला नऊ हजार मिळतील, म्हणजे माझं वर्षभराचं घरभाडं. क्लासमध्ये टाळ्या पडल्या. आणि मी घरी येऊन काय केलं असेल? पडदे शिवले. तुमच्या खिडक्यांच्या मापाचे, पिवळे. शेवटची शिवण घातल्यावर मशीनपुढे बसून स्वतःला विचारलं, बाई, तू फसवतेयस तरी कुणाला? त्या म्हाताऱ्याला, तेवीस घरवाल्याला, की स्वतःलाच? मी वाईट नाही असं मला वाटतं. पण वाईट माणसांनाही तसंच वाटत असणार.

त्या तेवीस घरवाल्याची सही आज घ्यायची होती. मी घेतली नाही, त्याऐवजी हे पत्र लिहितेय. सोबत दोन कागद आहेत. पहिल्यानं आपलं साठेखत रद्द होतं. माझी सही झालीय, तुमची झाली की तुम्ही मोकळे. दुसरा मी क्लासच्या वहीतून उतरवलाय. बँक नाही, मध्ये कुणी नाही. किंमत तीच, एक्केचाळीस हजार, दरमहा पाचशेचा हप्ता थेट तुम्हाला, आणि घर घेणारी मी एकटी. शेवटचा हप्ता पोचेल तेव्हा तुम्ही अठ्ठ्याऐंशीचे असाल, हे मांडताना मला हसावं की रडावं कळेना. वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, माझ्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. मुलाला सगळी रक्कम एकदम हवी असेल तर पहिल्याच कागदावर सही करा आणि घर दुसऱ्या कुणाला विका. दोन्ही फाडून माझ्या नावानं शिव्या घातल्यात तरी मी हूं की चूं करणार नाही. तुम्ही नाही म्हणाल याची मला भीती वाटत नाही. हो म्हणालात तर पुढची सात वर्षं निभावेन की नाही, याची वाटते. आणि तरीही, मिस्टर नोवाचेक, तुम्ही हो म्हणावं असं मला फार वाटतं.

तुमचीच,
डार्लीन